आधी छेद सांगा

‘बाई, तुम्ही संख्याशास्त्राच्या. तुम्हीच सांगा, आमच्याचा चान्स किती?’

नाशिकमध्ये महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून हा प्रश्न वर्षातून दोन हंगामांत माझ्या दारी येतो. मे-जूनमध्ये आयआयटीवाले येतात, दिवाळीच्या आगेमागे अमेरिकावाले. पहिल्यांच्या हातात पर्सेंटाइलचा कागद असतो, दुसऱ्यांच्या हातात समुपदेशकाने करून दिलेली रंगीत फाइल. दोघांनाही माझ्याकडून एक आकडा हवा असतो. तीस म्हटलं तर चेहरा पडतो, सत्तर म्हटलं तर चहासुद्धा न घेता उठतात. हे सत्तर कुठून आले, असं आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टक्का हा अपूर्णांक असतो आणि अपूर्णांकाला छेद असतो. वरचा अंश सगळे सांगतात, कारण तो फ्लेक्सवर फोटोसकट छापता येतो. खालचा छेद कुणी सांगत नाही. छेद माहीत नसलेल्या आकड्यावर आपण मुलांची चार-चार वर्षं आणि घरातली शिल्लक लावतो आहोत. हा आकडा विकणाऱ्यांना छेद छापायला सरकारने भाग पाडायला हवं. आणि पालकांनी तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

आयआयटीचं २०२५ सालचंच उदाहरण घ्या. जेईई मेनला दोन्ही सत्रं मिळून सुमारे पावणेपंधरा लाख मुलं बसली. त्यातल्या वरच्या अडीच लाखांना जेईई ॲडव्हान्स्डचं दार उघडलं. त्या परीक्षेचे दोन्ही पेपर दिले १,८०,४२२ जणांनी. गुणवत्ता यादीत, म्हणजे रँक मिळालेल्यांत, आले ५४,३७८. आणि देशातल्या तेवीस आयआयटींत मिळून जागा होत्या १८,१६०.

आता आयआयटीत जाण्याचा चान्स किती? मेनला बसलेल्यांत मोजला तर सव्वा टक्का. ॲडव्हान्स्ड दिलेल्यांत मोजला तर दहा टक्के. रँक मिळालेल्यांत मोजला तर तेहतीस टक्के, म्हणजे तिघांत एक. परीक्षा तीच, साल तेच, जागा त्याच. तिन्ही आकडे खरे आहेत. घाबरवायचं असेल तर पहिला सांगावा, क्लासची फी घ्यायची असेल तर तिसरा. मी वर्गात असते तर एवढ्यावर एक तास घेतला असता.

शिवाय ‘आयआयटी’ म्हणून एक जागा नसतेच. पवईला, म्हणजे आयआयटी मुंबईत, कॉम्प्युटर सायन्स हवं असेल, तर सर्वसाधारण यादीतलं शेवटचं नाव गेली काही वर्षं साठ ते सत्तर या रँकच्या दरम्यान थांबलं आहे. २०२४ मध्ये ते अडुसष्टला थांबलं. त्याच पवईत दुसऱ्या काही शाखा काही हजारांच्या रँकपर्यंत खाली जातात. आणि गोव्यात फर्मागुडीला २०१६ साली सुरू झालेली आयआयटीसुद्धा आयआयटीच आहे. ‘माझ्या मुलाचा आयआयटीचा चान्स’ विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात मात्र पवईचं तळं आणि कॉम्प्युटर एवढंच असतं. हा प्रश्न अठरा हजार जागांचा नसून शंभरापेक्षा कमी रँकचा आहे, हे कुणीतरी त्यांना आधी सांगायला हवं.

पर्सेंटाइलने तर अनर्थच केला आहे. ‘नव्व्याण्णव मिळालेत, आता काय अडचण?’ असं एक आजोबा मला कौतुकाने म्हणाले. त्यांच्या डोक्यात शंभरापैकी नव्व्याण्णव गुण होते. पावणेपंधरा लाखांत नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे नातवाच्या पुढे जवळजवळ पंधरा हजार मुलं उभी आहेत. नातू हुशार आहे यात शंकाच नाही. पण पर्सेंटाइल गुण सांगत नाही, मागे किती जण आहेत ते सांगतं. आणि प्रवेश ठरतो पुढे किती जण आहेत त्यावर. नव्व्याण्णव आणि नव्व्याण्णव पूर्णांक नऊ यांत दिसायला फरक दशांश चिन्हापुढचा. रांगेत मोजला तर तो तेरा हजार मुलांचा.

गटाचा टक्का आणि एकाचं भवितव्य यांतला फरक नाशिककराला खरं तर समजावून सांगावा लागू नये. जिल्ह्यात सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा इगतपुरीत रस्ते वाहून गेलेले असतात आणि येवल्यात टँकर चालू असतो. जिल्ह्याच्या सरासरीवर कुणी पेरणी करत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र जिल्ह्याचाच आकडा आपण आपल्या वावराचा म्हणून घेतो.

मग चान्स कधीच सांगता येत नाही का? येतो. पण एकाच ठिकाणी : रँक हातात आल्यानंतर. आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश ‘जोसा’ या संयुक्त समुपदेशन यंत्रणेतून होतात. मागच्या वर्षांत प्रत्येक संस्थेत, प्रत्येक शाखेत, प्रत्येक प्रवर्गात आणि प्रत्येक फेरीत पहिली जागा कुठल्या रँकला आणि शेवटची कुठल्या रँकला गेली, याचे तक्ते ही यंत्रणा सगळ्यांसाठी खुले ठेवते. देशातल्या फार थोड्या सरकारी गोष्टी इतक्या स्वच्छ आहेत. ज्याला रँक आणि तक्ता वाचता येतो त्याला सल्लागार लागत नाही. तरीही ‘ऑप्शन फॉर्म भरून देतो’ म्हणून हजारोंनी पैसे घेणारे जूनमध्ये गल्लोगल्ली उगवतात.

तक्ता वाचताना लोक कुठे अडखळतात ते सांगते. पंचवटीतल्या एका सहकारी बँकेत काम करणाऱ्या बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीची रँक पाच हजारांच्या आसपास. बाईंनी दोनशे पानी वहीत पट्टीने रकाने आखले होते, बँकेच्या लेजरसारखे. एकेक शाखा, तिचा शेवटचा रँक, पुढे बरोबरची किंवा फुलीची खूण. यादी व्यवस्थित होती, पण त्यात पवई कुठेच नव्हती.

‘मुंबई का नाही घातली?’ मी विचारलं.

‘मिळणार नाहीच, मॅडम. पहिला पर्याय वाया कशाला घालवायचा?’

‘आणि ही जी फुली मारलीय, ती कुठल्या रकान्यावरून?’

त्यांनी सर्वांसाठीच्या जागांचा रकाना बघितला होता. केवळ मुलींसाठीचा रकाना खाली वेगळा असतो, तिकडे नजरच गेली नव्हती. आयआयटींत मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी अधिकच्या जागा निर्माण केल्या आहेत. त्या कुणाच्या वाट्याच्या कापून घेतलेल्या नाहीत, पण त्यांचा शेवटचा रँक वेगळा असतो आणि बराच खालपर्यंत जातो. दुसऱ्या एका घरात याच्या उलटं झालं होतं. मुलगा ओबीसी प्रवर्गातला. त्याची सर्वसाधारण रँक घेऊन त्यांनी ती ओबीसीच्या तक्त्याशी ताडून बघितली. त्या तक्त्यातले आकडे प्रवर्गातल्या रँकचे असतात. लाभ होत असूनही घरात सुतक पसरलं होतं.

पहिला पर्याय वाया जाण्याची भीती तर पूर्णपणे निराधार आहे. संगणक रँकच्या क्रमाने चालतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचतो आणि पहिली जी जागा तुमच्या रँकला मिळू शकते ती देतो. वर दहा अशक्य नावं लिहिलीत म्हणून अकराव्या जागेवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. तुमच्या मागच्या रँकचा कुणी ती जागा ‘मी पहिला पर्याय दिला होता’ म्हणून पळवू शकत नाही. म्हणजे इथे चान्सचा अंदाज बांधायची गरजच उरत नाही. आवडीच्या क्रमाने लिहा, एवढंच काम आहे. ही भीती बहुधा अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशातून आलेली असते. तिथे पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागतो, त्यामुळे ‘पहिला पर्याय’ या शब्दांचाच लोकांनी धसका घेतला आहे. त्या मुलीने नंतर पवईच्या चार शाखा सगळ्यात वर लिहिल्या. मिळाली ती यादीतली अकरावी पसंती, दुसऱ्या आयआयटीतली. पवई लिहिली नसती तरी हीच मिळाली असती. पण ‘आपण मागितलंच नाही’ ही टोचणी जन्मभर राहिली असती.

तक्त्यात नसलेल्या काही गोष्टीही चान्स ठरवतात आणि त्या अगदी कागदी आहेत. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं लागतं. मागच्या वर्षीचं दाखवलं तर अडकलात. आणि राज्य सरकारचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या संस्थांत चालत नाही. सेतू केंद्राच्या रांगेत मार्चमध्येच हे कळलेलं बरं. शिवाय बारावीला पंचाहत्तर टक्के, किंवा मग आपल्या बोर्डातल्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणं, ही अट आहेच. क्लासवाले बोर्डाकडे दुर्लक्ष करायला सांगतात तेव्हा ही अट सांगत नाहीत.

हे झालं रँकनंतरचं. रँकच्या आधी, त्यातही आठवीत, चान्स विचारणाऱ्यांना मी चहा देते, आकडा देत नाही. आठवीतला मुलगा परीक्षा देईल तेव्हा अभ्यासक्रम कोणता असेल हेसुद्धा ठाऊक नसतं. जेईई मेनचा अभ्यासक्रम २०२४ ला कमी झाला. २०२५ ला प्रश्नपत्रिकेतले वैकल्पिक प्रश्न गेले. ॲडव्हान्स्ड किती वेळा देता येईल याबद्दल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आधी तीनदा असं जाहीर झालं आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा दोनदावर आलं. ज्या खेळाचे नियम खेळ चालू असताना बदलतात, त्यातला चार वर्षांनंतरचा निकाल टक्क्यांत सांगणारा माणूस धाडसी तरी असतो किंवा विक्रेता तरी.

आणि विक्रेते सगळीकडे आहेत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नका, रँकची हमी देऊ नका. तरी कॉलेज रोडला एक चक्कर मारा. ‘आठवी फाउंडेशन’चे फलक खाली उतरलेले नाहीत. १३ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध आणखी सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायचा नाही, त्याने नेमका कुठला कोर्स केला होता ते लपवायचं नाही. चांगलं पाऊल आहे. एकच टॉपर तीन क्लासच्या फलकांवर हसताना आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

पण ही सगळी शिस्त अंशाची आहे. फोटोतला मुलगा खरा असला, संमती खरी असली, कोर्स खरा असला, तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. समजा एका क्लासच्या फलकावर साठ मुलं आहेत. शंभरांतली साठ असतील तर त्या क्लासला माझा नमस्कार. चार हजारांतली साठ असतील तर तो दीड टक्का झाला, आणि मेनला बसलेल्या सगळ्या मुलांचा मिळून टक्काही जवळपास तेवढाच होता. त्यात आणखी एक मेख आहे. मोठे क्लास दहावीच्या आधीच ‘स्कॉलरशिप परीक्षा’ घेतात आणि जी मुलं तशीही पुढे जाणार होती त्यांना फुकट आत घेतात. फलकावरचे चेहरे बहुधा त्या बॅचचे. पूर्ण फी भरणारा तुमचा मुलगा बसतो दुसऱ्या बॅचला. तिथला टक्का विचारा. मी एका पालकांना तो विचारायला पाठवलं होतं. काउंटरवरच्या मुलीने आधी सरांना विचारते म्हटलं, मग सर मीटिंगमध्ये आहेत म्हटलं, मग ब्रोशर दिलं.

आता अमेरिका. तिथलं चित्र वेगळं आहे, आणि आपले पालक तिथेच सगळ्यात जास्त फसतात, कारण जोसाची सवय घेऊन ते तिकडे जातात. मी बारावीनंतरच्या पदवीबद्दल बोलते आहे. इंजिनिअरिंग झाल्यावरच्या एमएसची गोष्ट निराळी.

हार्वर्डला २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या थोडं वर. इथवर छेद स्वच्छ आहे. पण ही चौपन्न हजार मुलं एका रांगेत उभी नसतात. तिथे रँकच नाही. हे आपल्याला पचत नाही. ‘एसएटीला सोळाशेपैकी पंधराशे सत्तर आहेत, मग मिळायलाच पाहिजे,’ असं म्हणणाऱ्यांना मी हार्वर्डवरच्या खटल्यात उघड झालेली माहिती सांगते. आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांना डावललं जातं असा आरोप करत एका संघटनेने हा खटला भरला. तो २०१८ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ ला त्यावर अंतिम निकाल देत प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. निकालाचं राजकारण बाजूला ठेवू. आपल्या कामाची गोष्ट ही, की त्या खटल्यामुळे एरवी बंद असलेलं कपाट उघडलं.

त्यातून कळलं की २०१५ साली प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या केवळ अमेरिकी अर्जदारांतच शाळेत पैकीच्या पैकी श्रेणी असलेली सुमारे आठ हजार मुलं होती, आणि एसएटीच्या गणितात पूर्ण गुण असलेली तीन हजारांहून जास्त. एकूण प्रवेश दोन हजारांच्या आत. म्हणजे पूर्ण गुण हे तिकीट नसून दाराबाहेर उभं राहण्याची परवानगी आहे. आत गेल्यावर अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा निरनिराळ्या बाजूंना एक ते सहा अशा श्रेणी देतात, आणि शेवटी सुमारे चाळीस जणांची समिती मतदान करून ठरवते. चाळीस माणसांच्या मताचा टक्का नाशिकमध्ये बसून कोण काढणार?

त्याच खटल्यात हेही दिसलं की हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना खटल्यात तपासलेल्या वर्षांत तीस टक्क्यांहून जास्त प्रमाणात प्रवेश मिळत होता, आणि बाकीच्यांना सहा टक्क्यांच्या आसपास. भरती केलेले खेळाडू, देणगीदारांच्या शिफारशीतली मुलं, प्राध्यापकांची मुलं यांच्या वाटा पुन्हा वेगळ्या. सगळ्यांचा मिळून जो एक टक्का छापून येतो, त्यात या वाटांनी आत गेलेलेही मोजलेले असतात. त्यांना वगळलं की आपल्या मुलासाठी उरतो तो आकडा आणखी लहान. परदेशी अर्जदार म्हणून मोजलं तर अजून लहान. अमेरिकेतल्या एमआयटीत, कोथरूडच्या नव्हे, एकूण प्रवेशाचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. परदेशी विद्यार्थ्यांचं दोन टक्क्यांच्या आसपास.

मग पैशांची बाब. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलाचा अर्ज तपासताना त्याला आर्थिक मदत लागणार आहे का हे बघत नाहीत. स्टॅनफर्डसह बाकी बहुतेक बघतात. म्हणजे तुम्ही मदतीच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं की त्याच गुणांच्या, त्याच निबंधांच्या मुलाचा चान्स बदलतो. हे ज्या समुपदेशकाने पहिल्या भेटीत सांगितलं नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

गंगापूर रोडवरच्या एका घरातली रंगीत फाइल मी नीट पाहिली आहे. दहा विद्यापीठं, प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल चौकोन आणि त्यात टक्के. एका नामवंत विद्यापीठापुढे लिहिलं होतं बासष्ट. मी मुलाच्या वडिलांना विचारलं, हे बासष्ट कशातले? त्यांनी समुपदेशकांना तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून उत्तर आलं : ‘आमच्या अनुभवावरून.’ अनुभव किती मुलांचा, त्यातली किती भारतातून अर्ज केलेली, किती जणांनी आर्थिक मदत मागितली होती, कितींना नकार आला? फोनवर ‘उद्या मेल करतो’ इतकंच. मेल आली ती पुढच्या हप्त्याची आठवण करून देणारी.

याच फाइलच्या शेवटी एक हिशोब होता आणि तो मला माझ्या वर्गात कुणी केला असता तर मी त्याला उभं केलं असतं. प्रत्येक ठिकाणी चान्स चारच टक्के धरला तरी दहा ठिकाणी अर्ज केल्यावर कुठेतरी एक लागण्याचा चान्स तेहतीस टक्क्यांच्या वर जातो, असं त्यात दाखवलं होतं. आकडेमोड चोख आहे. शून्य पूर्णांक नऊ सहाचा दहावा घात काढा, एकातून वजा करा, उत्तर तेच येतं. पण हे गणित नाणेफेकीला लागू पडतं, जिथे एका फेकीला दुसरीची खबर नसते. इथे दहाही ठिकाणी तोच मुलगा, त्याच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रं आणि थोडाफार फिरवलेला तोच निबंध जातो. एका समितीला जे फिकं वाटलं ते दुसऱ्या समितीलाही फिकं वाटण्याची शक्यता मोठी. ज्याचा अर्ज दमदार त्याला तीन ठिकाणी मिळतं, बाकीच्यांना दहाही ठिकाणी नकार. अर्ज वाढवल्याने चान्स थोडा वाढतो, पण त्या तेहतीसपर्यंत जात नाही. दर अर्जामागे पाऊणशे ते नव्वद डॉलर मात्र नक्की जातात.

आणि सगळं जमून आल्यावरही तुमच्या हातात नसलेलं काही उरतंच. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा अधिकारच काढून घ्यायचा प्रयत्न केला. न्यायालयाने तो रोखला. पण प्रवेशाचं पत्र हातात असलेल्या मुलांचे ते आठवडे कसे गेले असतील ते त्यांच्या आईवडिलांना विचारा. त्या धोक्याचा टक्का कुठल्याच फाइलीत नव्हता.

यावर काही जण मला म्हणतात, ‘बाई, तुम्ही नुसती भीती घालता. आकडा नको तर मग ठरवायचं कसं?’ आक्षेप रास्त आहे. माणसाला अंदाज लागतोच. घर घेताना, लग्न ठरवताना आपण तो बांधतोच. माझा विरोध अंदाजाला नाही. अंदाजाचा उपयोग कशासाठी करायचा याला मर्यादा आहे, एवढंच.

यादी करण्यासाठी तो जरूर वापरा. पवईबरोबर व्हीएनआयटी नागपूर लिहा, तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांसाठी असतात. सीईटीतून सीओईपी आणि व्हीजेटीआय लिहा. अमेरिकेच्या यादीत घरच्या पैशांत झेपतील आणि मुलाला खरंच आवडतील अशी तीन ठिकाणं आधी घाला, हार्वर्ड नंतर. पैशांचा निर्णय घेण्यासाठीही आकडा वापरा : दीड-दोन टक्क्यांच्या गोष्टीसाठी जमीन विकायची नसते, राहतं घर गहाण टाकायचं नसतं. पण मुलाने प्रयत्न करावा की नाही हे ठरवायला टक्का वापरू नका. ज्याला गणिताची ओढ आहे त्याचा दोन वर्षांचा अभ्यास प्रवेश नाही मिळाला तरी फुकट जात नाही. ज्याला ओढच नाही त्याला ऐंशी टक्के चान्स सांगून कोटाला पाठवण्यात काही अर्थ नाही. आणि आकडा मुलासमोर बोलू नका. ‘तुझे तीस टक्के आहेत’ हे वाक्य सोळा वर्षांच्या पोराला स्वतःबद्दलचा शेरा वाटतो. तो एका गटाचा हिशोब आहे हे कळायला माझ्या वर्गातल्या पदवीच्या मुलांनाही वर्ष लागायचं.

सरकारकडे माझी मागणी एका ओळीची आहे. कोचिंग क्लास असो की परदेशी प्रवेशाचा सल्लागार, ज्याला यशाचा आकडा छापायचा असेल त्याने त्या वर्षी त्याच कोर्सला फी भरून बसलेल्यांचा, किंवा त्याच्यामार्फत अर्ज केलेल्यांचा, एकूण आकडाही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शेजारी छापावा. शिष्यवृत्तीची बॅच वेगळी दाखवावी. ही माहिती प्रत्येकाच्या संगणकात आहे, ती काढायला एक दिवसही लागत नाही. औषधाच्या वेष्टनावर काय काय किती आहे हे छापायला लावतो, तर दोन-तीन लाखांच्या कोर्सला ही सूट का?

तो नियम होईल तेव्हा होईल. तोवर कुणी तुमच्या मुलाचा टक्का सांगितला, तर वाद घालू नका. दोन गोष्टी लेखी मागा : हा टक्का किती मुलांत मोजला, आणि त्यातली किती मुलं आमच्या मुलासारखी होती, त्याच बॅचमधली, त्याच प्रवर्गातली, तेवढीच ऐपत असलेली. लिहून दिलं तर फी भरण्याचा विचार करा. नाही दिलं, तर फी वाचली.